सावर होती तिथून वर

आमच्या लेओन गावात घरांना नंबर नाहीत. रस्त्यांना नावं आहेत म्हणे, पण ती फक्त नगरपालिकेला ठाऊक. आमचे पत्ते असे असतात: ‘सावर होती तिथून दोन गल्ल्या वर, अर्धी दक्षिणेला, हिरवा दरवाजा.’ वर म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू, खाली म्हणजे बुडतो ती. आणि सावर ‘होती’. मी चड्डीत असताना ती वादळात आडवी झाली. हिरवा दरवाजाही कधीच निळा झाला. पत्ता मात्र तोच. झाड पडलं म्हणून कोणी पत्ता बदलतं का? नवरा पळून गेला म्हणून बाई आडनाव बदलते का?

अशा गावात देवानं इदानियाला जन्माला घातलं. देवाला विनोदाची हौस आहे हे मला तेव्हापासून माहीत आहे.

इदानिया माझी धर्मलेक. बाप्तिस्म्याच्या वेळी ती माझ्या हातात होती, म्हणून मी तिचा पाद्रिनो आणि तिची आई नीदिया माझी कोमाद्रे, मी तिचा कोंपाद्रे. या नात्यात भांडण करता येतं, तोडता येत नाही. नीदिया त्यातला पहिला भाग मनापासून पाळते. ती शिवणकाम करते. नवरा कोस्टा रिकात इमारती बांधायला गेला, तो अजून बांधतोच आहे. इतक्या वर्षांत त्या देशात मोकळी जागा उरली असेल असं वाटत नाही.

पोरगी अकराची झाली तरी आठाची दिसायची. त्यात भर म्हणून डावा कान लहानपणापासून वाहायचा. त्या कानानं तिला जवळजवळ ऐकू येत नाही. शेवटी आम्ही तिघं बस धरून राजधानीला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि महिनाभरानं सांगितलं, “हिला गुणसूत्र कमी आहे.”

“कमी कसं असेल?” नीदिया म्हणाली. “नऊ महिने पुरे भरले होते.”

डॉक्टर भला माणूस. त्यानं कागदावर फुल्या काढून दाखवल्या. बायकांना एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, हिच्याकडे एकच. याला टर्नर म्हणतात, दोन-अडीच हजार मुलींत एखादीला असतं. उंची कमी राहते, पुढे गोळ्या घ्याव्या लागतात, मूल होणं अवघड. हृदय आणि मूत्रपिंडं तपासली, ती ठीक आहेत.

“दुसरा एक्स कुठे गेला?” इदानियानं विचारलं.

“कुणाची चूक नाही, बाळा. असं होतं कधी कधी.”

“चूक कुणाची ते नाही विचारत मी. गेला कुठे ते विचारतेय.”

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. मला वाटतं, त्या दिवशी त्यालाही तो प्रश्न घरी न्यावा लागला.

मग त्यांनी आम्हाला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी पोरीला ठोकळे रचायला दिले, माणसांच्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली, गोष्टी सांगायला लावल्या. नंतर नीदियाला समोर बसवून म्हणाल्या, “शब्दांत ही मुलगी तिच्या वयाच्या पुढे आहे. ठोकळ्यांत मात्र फार मागे. नकाशा, डावं-उजवं, गणित, समोरच्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते ओळखणं, हे सगळं तिला जड जाणार. मठ्ठ म्हणू नका, ती मठ्ठ नाही. लोक तिला तिच्या उंचीएवढीच समजतील, त्यानं ती घाबरट होईल. तेवढं जपा.”

एवढ्या लांब वाक्यांतून माझ्या कोमाद्रेनं एकच शब्द उचलला. जपा.

तिनं पोरीला अशी जपली की विचारू नका. शाळेत सोडायला आई, आणायला आई, मधल्या सुट्टीत जेवणाचा डबा घेऊन फाटकाशी आई. बाराव्या वर्षी इदानिया एकदाच एकटी पावाला म्हणून गेली आणि दोन तासांनी बसस्थानकावर रडताना सापडली. त्यानंतर तर दाराला आतून कडी लागली. तिच्या मैत्रिणी उंच झाल्या आणि त्यांची कुजबुजही उंच झाली. खाली हिच्या कानापर्यंत येईना. सोमवारी सकाळी पोट दुखायला लागलं. मग मंगळवारीही. नखं कुरतडून संपली तेव्हा बोटांची कातडी सुरू झाली. आईच्या शिलाई मशीनमागे कापडाच्या चिंध्यांत ती बसून राहायची आणि विचारलं की म्हणायची, “मला काहीच येत नाही, पाद्रिनो.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही भीती आहे, आणि भीती खोटी नसते. त्यांच्याकडे वर्षभर खेपा घातल्या. औषधानं झोप आली, बोलण्यानं पोट थांबलं. पण ताठ मान कुठल्या बाटलीतून आली ते मला सांगता येणार नाही.

ती ताठ मान मला पहिल्यांदा दिसली कापडाच्या दुकानात. इदानियाला पंधरा पुरी होणार होती. आमच्याकडे मुलीची पंधरा वर्षं म्हणजे लग्नाच्या खालोखाल सोहळा. दुकानदारीण गोड हसली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नीदियाला म्हणाली, “हिच्यासाठी लहान पोरींचा पहिल्या कम्युनियनचा झगा आहे ना, पांढरा. अगदी मापाचा बसेल.”

इदानियानं डोक्यावरचा हात उचलून दुकानदारिणीला परत दिला. “कम्युनियन होऊन गेलं माझं, डोन्या. तेव्हाची पापं धुऊन झाली. आता नवी करायची आहेत, त्यासाठी लाल दाखवा.”

नीदियानं तोंडावर हात धरला. मी बाहेर जाऊन हसलो.

आता डोन फ्रोइलान. आमच्या मोहल्ल्याची गिगांतोना त्यांची. गिगांतोना म्हणजे लाकडी सांगाड्याची बाई, घराच्या छपराएवढी उंच, गळ्यात माळा, अंगात फुलाफुलांचा घोळदार झगा. झग्याच्या आत एक दणकट पोरगा असतो, तो तिला गरागरा नाचवतो. तिच्याबरोबर नाचतो खुजा: कागदाच्या लगद्याचं भलंमोठं डोकं, खाली दोन पाय. मागे ढोल-ताशे, त्यातला मोठा ढोल माझ्या पोटावर. आणि सगळ्यांच्या पुढे कवनवाला. त्यानं हात वर केला की ढोल थांबतात, तो चार ओळी फेकतो, लोक हसतात, ढोल पुन्हा सुरू. वर्षअखेरीस आम्ही घरोघरी जातो, आणि डिसेंबरात चर्चच्या चौकात सगळ्या मोहल्ल्यांच्या गिगांतोनांची जुंपते.

त्याच्या आदल्या वर्षी आमचा कवनवाला उलिसेस आणि खुज्यात नाचणारा फ्रोइलानचा पुतण्या, दोघंही एकाच आठवड्यात कोस्टा रिकाला गेले. डोन फ्रोइलान स्वतः कवनं म्हणू लागले. त्यांचा आवाज चांगला आहे, पण चौथी ओळ त्यांना नेहमी दुसऱ्या दिवशी आठवते. त्या डिसेंबरात चौकात ती आठवेपर्यंत दुसऱ्या मोहल्ल्याची गिगांतोना नाचून घरी गेली होती.

तर पुढच्या ऑक्टोबरात ते नीदियाकडे लाकडी बाईच्या झग्याचं माप घेऊन आले. मीही होतो. चिंध्यांमधून इदानिया उठली आणि फ्रोइलान तिच्याकडे बघतच राहिले. त्यांची स्वतःची उंची माझ्या खांद्याला लागते, पण ते हॅट घालतात.

“अरे, ही बघा,” ते म्हणाले. “देवानं माप घेऊन पाठवलीय. खुज्यात हीच नाचणार.”

नीदियाची सुई थांबली. फ्रोइलानना वाटलं आपण समजवायला हवं. “वाईट वाटून घेऊ नकोस, मामिता. खुजा म्हणजे आपला माणूस. ती बाहेरून आलेली उंच गोरी बाई नुसती मिरवते, अक्कल सगळी खुज्याकडे. म्हणून तर त्याचं डोकं मोठं.”

इदानियानं हात वर केला. ढोल थांबवतात तसा. मग म्हणाली:

“खुज्याचं डोकं मोठं,
म्हणे अक्कल त्यात फार;
हौस एवढी असेल तर
तुम्हीच उचला भार.”

फ्रोइलाननी हॅट मागे सारली.

“हे कुणाचं?” फ्रोइलाननी विचारलं.

“माझं. आत्ताचं. मी कवनं म्हणणार, डोन फ्रोइलान. डोक्यासाठी दुसरं डोकं बघा.”

“बाई कवनवाली?”

“बाई नको असेल तर तसं सांगा. पण मग मघाशी लाडानं मामिता, म्हणजे छोटी आई, म्हणत होतात ती कोण होती?”

फ्रोइलान हसले, पण त्या हसण्याला दात नव्हते. ते म्हणाले, “पोरी, कवनवाला सगळ्यांच्या पुढे चालतो. सगळी मंडळी त्याच्या मागे जाते. तुला तुझ्या घरून चर्च सापडत नाही हे गावाला माहीत आहे. तू आम्हाला नेशील समुद्रावर.”

“मग नेऊन दाखवते. कुठे नेऊ ते सांगा.”

फ्रोइलान हट्टाला पेटले. येत्या शनिवारी डोन्या एस्मेराल्दाकडे तिच्या आईच्या वाढदिवसाचं बोलावणं होतं. पत्ता: सावर होती तिथून दोन गल्ल्या वर, अर्धी दक्षिणेला. “माझ्या अंगणातून तिथपर्यंत पुढे चाल. नेलंस तर डिसेंबरची सगळी कवनं तुझी, चौकातलीसुद्धा. नाही नेलंस तर मुकाट्यानं डोकं घालायचं.”

“मुकाट्यानं मला काहीच जमत नाही,” इदानिया म्हणाली. “पण कबूल.”

ते गेल्यावर नीदियानं माझ्यावर तोफ डागली. “तुम्हीच फूस लावलीत, कोंपाद्रे. हरवली म्हणजे? मोटारीखाली आली म्हणजे? तिथे सगळ्यांसमोर घाबरी झाली म्हणजे? पुन्हा ती नखं, पुन्हा ते पोट. तुम्ही काय, ढोल वाजवून घरी जाल.”

“आई,” इदानिया म्हणाली, “डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या जपा. पुरून ठेवा म्हणाल्या नव्हत्या.”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही दोघं निघायचो. मी मागे, ती पुढे. मी पहिल्या दिवशी म्हणालो, “इथून डावीकडे,” तर ती उजवीकडे वळली आणि एका न्हाव्याच्या दुकानात शिरली. तिला डावं-उजवं समजावण्यात एक दुपार गेली. मग तीच म्हणाली, “थांबा पाद्रिनो. मला एक बाजू माहीत आहे. जिकडून ऐकू येत नाही ती.” झालं. डावा हात तिला सापडत नव्हता, डावा कान तिच्यापाशीच होता. उरलेली वाट तिनं वासानं, आवाजानं आणि अंगावरच्या उन्हानं शिवून काढली, आईनं झगा शिवावा तशी. चालता चालता म्हणायची:

“ऊन पाठीवर, वास पावाचा,
पुढं ठणठणाट लोहाराचा;
बहिऱ्या कानाकडं वळायचं,
कुत्रं भुंकेतो चालायचं.”

कुत्रं इमानदार निघालं. रोज भुंकलं. शुक्रवारी तर ती मला मागे टाकून पोचली आणि निळ्या दरवाज्याला हात लावून उभी राहिली, चेहऱ्यावर राणीचा भाव. दारात डोन्या एस्मेराल्दा उभी होती, ती म्हणाली, “उद्या यायचंय, गं.” इदानिया म्हणाली, “माहीत आहे. आज नुसती पत्ता खरा आहे का ते बघायला आले.”

शनिवारी घोळ झाला तो ढोलामुळे. माझ्या नव्हे, छोट्या ढोलाचं कातडं सुटलं, ते ताणून बांधेपर्यंत ऊन गेलं. फ्रोइलानच्या अंगणातून आम्ही निघालो तेव्हा दिवे लागले होते. इदानिया पुढे, लाल झग्यात, केसांत कागदी फूल. मागे झुलणारी गिगांतोना. खुज्याचं डोकं कुणीच घातलं नव्हतं, ते फ्रोइलान काखेत घेऊन चालत होते, बक्षीस न्यावं तसं. सगळ्यात मागे नीदिया, हातात सुईदोरा. झग्याचा घोळ सुटला तर म्हणून आले, म्हणाली. घोळ तिनं स्वतः दुहेरी शिवला होता.

पहिल्या वळणाशी इदानिया थांबली. मान वळवून तिनं पाठीवरचं ऊन शोधलं. ऊन नव्हतं. नाक वर केलं. पाववाल्याची भट्टी दुपारी पेटते, संध्याकाळी थंड. लोहार हातपाय धुऊन दारात बसला होता, हातोडी मांडीवर. आमची सगळी वाट दुपारची होती. संध्याकाळी ती कुणीतरी उचलून नेल्यासारखी नाहीशी झाली होती, आणि ही गोष्ट आम्हा दोघांच्या डोक्यात एकदाही आली नव्हती.

तरी ती वळली. बहिऱ्या कानाकडेच वळली, पण एक गल्ली आधी. मग पुन्हा वळली. मग कुत्रं भुंकलं, पण ते दुसरंच होतं, आणि एकाऐवजी सात.

“झालं,” फ्रोइलान म्हणाले. “समुद्राचा वास यायला लागला.”

इदानियाचा हात तोंडाकडे गेला. बोट दातांत. मी ढोल थांबवला. नीदिया मागून धावत आली आणि तिनं पोरीचा मनगटाशी हात धरला, रस्ता ओलांडताना लहान पोराचा धरतात तसा.

“चल घरी. पुरे झालं.”

इदानियानं दातांतलं बोट काढलं. हळूच, पण पूर्ण जोर लावून, मनगटही सोडवून घेतलं.

“हात सोड, आई. हरवलेय मी, मेले नाही. तू मागे चाल.”

कोमाद्रेचा हात तसाच हवेत राहिला. मग तिनं तो झग्याच्या घोळावर ठेवला, जणू त्यासाठीच पुढे केला होता.

“व्हा बाजूला,” फ्रोइलान म्हणाले आणि पुढे झाले. “सावर होती तिथं जायचं, एवढं काय त्यात. सावर इथं कोपऱ्यावर होती. औषधाच्या दुकानापाशी.”

“औषधाच्या दुकानापाशी कडुलिंब होता,” ताशेवाला म्हणाला. “सावर खाली होती, शाळेजवळ.”

“शाळेजवळ माझं लग्न ठरलं, मला सांगतोस? तिथं विहीर होती. सावर बसस्थानकाकडे,” छोटा ढोलवाला म्हणाला.

मलाही राहवेना. सावर मी स्वतः पडताना पाहिलेली, ती न्हाव्यासमोर होती, असं मी सांगितलं. मग काय, आम्ही चार वयस्क पुरुष नाक्यावर उभे राहून चार दिशांना बोटं दाखवत होतो. एका पडलेल्या झाडानं आमच्यात एवढी फूट पाडली की ते उभं असतं तर रक्त सांडलं असतं. गिगांतोनेच्या आतून आवाज आला, “ठरलं की सांगा. मी उभ्या उभ्या शिजतोय.”

कुणीतरी म्हणालं, फोन लावा. फ्रोइलाननी डोन्या एस्मेराल्दाला फोन लावला.

“कुठे आहात तुम्ही?” ती ओरडली, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“सावर होती तिथं.”

“मग दोन गल्ल्या वर या की,” ती म्हणाली आणि ठेवला.

रस्ता विचारावा हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारला नसता. आपल्याच गावात आपल्या बोटाखालचा पत्ता विचारायचा म्हणजे परदेशी पाहुणा झालो की. ढोल गळ्यात घालून माणूस एवढी लाज पत्करत नाही.

इदानियाला ती अडचण नव्हती. तिनं आयुष्यभर रस्ताच विचारलेला. आम्ही भांडत होतो तोवर ती समोरच्या दारापर्यंत गेली होती. संध्याकाळी आमच्याकडे सगळं गाव दारात झुलत्या खुर्च्यांवर बसतं. त्या दारात एक लठ्ठ बाई बसून वारा घेत होती. तिनं सांगितलं, सावर खाली होती. पुढच्या दारातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, वर. तिसऱ्यानं विचारलं, कुठली सावर?

मग इदानिया तिथेच थांबली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघू लागली. मला वाटलं, आता रडते. ती म्हणाली, “पाद्रिनो, त्या टोकाला लोक उभे का आहेत?”

मी पाहिलं. इकडच्या दारांत खुर्च्या झुलत होत्या. पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी मात्र दोन बायका दाराला टेकून उभ्या होत्या, आणि एक आजोबा पायरीवर.

“खुर्च्या नाहीत त्यांच्याकडे,” ती म्हणाली. “कुणीतरी मागून नेल्यात.”

वाढदिवस म्हटला की आमच्याकडे शेजाऱ्यांच्या खुर्च्या गोळा होतात, हे काय मला माहीत नव्हतं? दर वर्षी माझ्याही जातात आणि एक पाय मोडून परत येतात. पण मी झाड शोधत होतो. इदानिया निघाली, आणि मी तिच्यामागे ढोल चालू केला. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालला. बाकीचे ढोलाच्या मागे आले, दुसरं करणार काय.

टेकून उभ्या असलेल्या बाईसमोर तिनं हात वर केला. ढोल थांबले.

“संध्याकाळी दारात उभ्या,
बसत का नाही, बाई?
खुर्ची तुमची कुठं गेली,
आम्हा तिथंच जायची घाई.”

बाई आधी दचकली आणि मग पोट धरून हसली. “माझ्या चारही नेल्या मेल्यांनी. तिकडे, त्या दुकानावरून वर.” आणि आत जाऊन तिनं आमच्या हातांत केळीच्या पानात बांधलेला मक्याचा गरम नाकातामाल ठेवला, का, तर एवढ्या लांबून आलात. आम्ही शेजारच्याच मोहल्ल्यातून आलो होतो.

पुढच्या दारी त्याच चार ओळींत दोन शब्द बदलले. त्याच्या पुढच्या दारी एक थोराड पोरगा हसत म्हणाला, “ही कोण चिमणी? शाळेत नाही गेलीस आज?” तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि हात वर केला.

“बाकीच्यांना दोन मिळाले,
मला मिळाला एक;
एकावरती भागवते मी,
हिशेबी आईची लेक.”

त्याला एक अक्षर कळलं नाही. पण मागे झग्याच्या घोळापाशी नीदियाला कळलं. तिच्या तोंडून हुंदका निघाला की हसू ते ढोलात ऐकू आलं नाही.

रिकाम्या दारांमागून रिकामी दारं. उभी माणसं दाट होत गेली, आणि खुर्च्या गेल्या तिकडे आपणही जाऊ म्हणून मागेही लागली. निळ्या दरवाज्यापाशी पोचलो तेव्हा मागे अर्धा मोहल्ला होता आणि केकचा शेवटचा तुकडा डोन्या एस्मेराल्दाच्या ताटलीत होता. तिची आई मध्यभागी, कुणाच्या तरी खुर्चीत, डुलक्या घेत होती.

“ही वेळ झाली?” एस्मेराल्दा फ्रोइलानना म्हणाली. “हरवलात होय? तुम्ही?”

फ्रोइलाननी हॅट काढली. काखेतलं डोकं दुसऱ्या काखेत गेलं. ते इदानियाकडे वळून म्हणाले, “ही हरवली. मी आधीच सांगितलं होतं.”

“हो, हरवले,” इदानिया म्हणाली. “उद्याही हरवेन. डिसेंबरातही हरवेन. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय, हवं तर दाखवते. पण तुमची बोली नेण्याची होती, डोन फ्रोइलान. न हरवता नेण्याची नव्हती. हा दरवाजा कुणाचा आहे?”

दरवाजा कुणाचा होता ते सगळ्यांना दिसत होतं. उत्तराची वाट न बघता तिनं आजीबाईंसमोर जाऊन हात वर केला. बसलेली आजी आणि उभी इदानिया, आजीनं डोळे किलकिले केले तर दोघींचे डोळे समोरासमोर आले. बहुधा खूप दिवसांनी आजीला कुणाकडे मान वर करून बघावं लागलं नाही.

“उशीर झाला, मान्य मला,
वाट चुकले, हेही खरं;
सरळ आले असते तर मग
कशी भेटती एवढी घरं?”

आजी पुरती जागी झाली. तिनं टाळी वाजवली, आणि म्हणाली, “ही पोरगी कुणाची?”

“माझी,” नीदिया मागून म्हणाली. मोठ्यानं. ती शिंपीण आहे, तोंडात टाचण्या धरायची सवय. एवढा मोठा आवाज तिच्याकडे आहे हे मलाही नवीन होतं.

“मग तिला पुन्हा म्हणायला सांग,” आजी म्हणाली, “आणि हे डोकं असं काखेत काय धरलंय बाबानं? नाचणार कोण?”

सगळ्यांनी फ्रोइलानकडे पाहिलं.  इदानियानं फक्त भुवया वर केल्या. खुज्याच्या डोक्याच्या त्या चार ओळी नीदियाच्या खोलीत आम्ही तिघांनीच ऐकल्या होत्या. पण फ्रोइलान त्या विसरले नव्हते, चौथीसुद्धा. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी ढोलाची दोरी बघत होतो. मग त्यांनी हॅट माझ्या ढोलावर ठेवली, लगद्याचं डोकं उचललं आणि आपल्या डोक्यावर चढवलं. अगदी मापाचं बसलं.

आतून घुमणारा आवाज आला, “मला यातून काही दिसत नाही. नुसती जमीन दिसते.”

“माझा आवाज येतोय ना?” इदानिया म्हणाली. “तिकडे या.”

डिसेंबरात चौकाकडे निघालो तेव्हा ती पुन्हा चुकीच्या कोपऱ्यावर वळली. मी ढोल चालू ठेवला. मागोमाग खुजा वळला, गिगांतोना वळली, ताशे वळले, आणि मोहल्ल्यातल्या बायका आम्हाला बघायला आपापल्या खुर्च्या उचलून तिकडच्या दारांत नेऊन मांडू लागल्या. चौक कुठे पळून जात नव्हता.